बिलं भरली, बचत झाली, आता हातखर्चाचं काय? मुंबईत पहिली नोकरी करणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या नोकरीचं माझं पहिलं वर्ष. महिन्याची २३ तारीख. संध्याकाळी करी रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीसमोर उभी होते, कारण रेल्वेचा पास आदल्या दिवशीच संपला होता. खात्यात ४१२ रुपये होते आणि पगाराला आठ दिवस बाकी होते. त्या महिन्यात मी काही मोठं विकत घेतलं नव्हतं, कुठे फिरायला गेले नव्हते, आजारीही पडले नव्हते. भाडं वेळेवर दिलं होतं, चिपळूणला आईला पैसे पाठवले होते, आरडीचा, म्हणजे बँकेतल्या आवर्ती ठेवीचा हप्ता गेला होता. शहाणी माणसं जे जे करायला सांगतात ते सगळं केलं होतं. तरी पासासाठी रूममेटपुढे हात पसरावा लागला.

त्या रविवारी डोंबिवलीच्या खोलीवर बसून मी महिन्याभराच्या यूपीआयच्या नोंदी वहीत उतरवल्या. ११८ नोंदी निघाल्या. १५ रुपये, ४० रुपये, ८५, २१०. सहाशेच्या वर एकही नव्हती. चूक कुठल्याही एका खर्चात नव्हती. खात्यात आकडा दिसतोय तोवर तो आपलाच, असं मी धरून चालले होते, ती चूक होती.

त्यानंतर दोन-तीन वेळा पद्धत बदलत बदलत जी बसली, ती गेली सहा वर्षं चालू आहे. तीच इथे क्रमाने सांगते. एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: खात्यातली शिल्लक म्हणजे हातखर्च नव्हे. त्या शिलकीतले बरेचसे पैसे आधीच कुणाचे तरी झालेले असतात, फक्त ते लोक अजून मागायला आलेले नसतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या लोकांना आधी ओळखण्यासाठी आहेत.

जवळ काय घेऊन बसायचं

- मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा
- तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा भरून आणलेलं पासबुक
- यूपीआय ॲपमधल्या व्यवहारांची यादी
- भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची प्रत
- वीज, गॅस, इंटरनेटची जुनी बिलं. विजेचं एखादं मे महिन्याचं मिळालं तर फार बरं
- कालनिर्णय किंवा भिंतीवरचं कुठलंही कॅलेंडर
- एक दोनशे पानी वही

फोनवरच्या ॲपपेक्षा मला वहीच बरी वाटते. ॲप उघडलं की दुसरंच काहीतरी समोर येतं आणि हिशोब राहून जातो. एका रविवारची सकाळ मोकळी ठेवा, दोन-अडीच तास लागतील. मुंबईत येऊन अजून दोन महिनेही झाले नसतील तर मात्र हे आत्ताच करू नका. डिपॉझिट, गादी, बादली, कुकर यांतच पहिले दोन महिने जातात आणि त्यांच्यावरून काही कळत नाही. तोवर फक्त नोंदी जपून ठेवा.

पायरी १: हातात खरोखर किती येतं

ऑफर लेटरवरचा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाचा आकडा बाजूला ठेवा. मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचा पीएफ जातो, आणि कंपनीचा वाटाही बहुतेक ठिकाणी सीटीसीमध्येच धरलेला असतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० होतात. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. तुमचा लागत असेल तर फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी येतो हे वहीत आत्ताच लिहून ठेवा.

ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह धरू नका. तीन स्लिपांतला सगळ्यात कमी आकडा घ्या.

पुढे एकच उदाहरण चालवते: हातात ३२,००० रुपये येणारी, डोंबिवलीत तिघींमध्ये भाड्याचं घर घेऊन राहणारी, रोज लोअर परळला जाणारी मुलगी. हे आकडे माझ्या त्या काळच्या खर्चाच्या जवळचे आहेत. तुमचे तुम्ही घाला.

पायरी २: बिलं, आणि बिलासारखी न दिसणारी बिलं

- भाड्याचा वाटा: ७,०००
- वीज, गॅस, इंटरनेट, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांचा मिळून वाटा: १,३००
- डबा, किराणा, दूध: ४,५००
- पास, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, ऑफिसकडची बस: १,२००
- मोबाइल: ३००
- घरी पाठवायचे: ४,०००

एकूण १८,३००.

घरी पाठवायचे पैसे मी मुद्दाम बिलांत घातले आहेत. ते ‘उरले तर पाठवू’ म्हणून शेवटी ठेवले की एका महिन्यात पूर्ण जातात, दुसऱ्या महिन्यात अर्धे, आणि तिसऱ्या महिन्यात आईला फोन करायलाच नको वाटतं. डब्याचंही तसंच. जेवण हे बिल आहे. ते हातखर्चात घातलं की महिनाअखेरीस आपण जेवणावर काटकसर करायला लागतो, आणि ते तब्येतीवर निघतं.

काही बिलं फसवी असतात. महानगर गॅसचं बिल दर महिन्याला येत नाही, दोन महिन्यांचं मिळून येतं. त्यामुळे ज्या महिन्यात ते येत नाही तो महिना श्रीमंत वाटतो. दर महिन्याला त्याचं अर्धं धरा. विजेचं बिल हिवाळ्यात बघून आकडा ठरवला तर एप्रिल-मेमध्ये पंखे रात्रंदिवस चालले की अंदाज कोसळतो. म्हणून मे महिन्याचं बिल मागितलं. मोबाइलचं रिचार्ज २८ दिवसांचं असेल तर ते वर्षातून १२ वेळा नाही, १३ वेळा करावं लागतं. पास मात्र तिमाही काढा. महिन्याच्या तीन पासांपेक्षा तो स्वस्त पडतो आणि २३ तारखेला खिडकीसमोर उभं राहायची वेळ वर्षातून चारदाच येते. पासाची तारीखही कॅलेंडरवर लिहा. पास संपलाय हे विसरून चढलात आणि टीसी भेटला तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड.

पायरी ३: बचत पगाराच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर

उदाहरणातली मुलगी ५,००० बाजूला टाकते: ३,००० आरडी किंवा एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या महिन्याच्या हप्त्यात), २,००० अडीअडचणीच्या खात्यात. कशात टाकायचे हा वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. फक्त हप्त्याची तारीख बघा. ऑफिसचा पगार ७ तारखेला होत असेल आणि हप्ता ५ तारखेचा असेल तर खात्यात पैसे नसल्याने तो परत जातो आणि बँक त्याचे पैसे लावते. तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घ्या.

३२,००० वजा १८,३०० वजा ५,०००. राहिले ८,७००.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, हे आपले. मीही वर्षभर तेच म्हणत होते.

पायरी ४: कालनिर्णय खाली उतरवा

या पायरीला घाई करू नका. माझा हातखर्च खाल्ला तो चहा-वडापावने कमी आणि वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांनी जास्त. ते येतात तेव्हा अचानक आल्यासारखे वाटतात, पण त्यांतले बहुतेक खर्च वर्षभर आपल्यासमोर भिंतीवर टांगलेले असतात.

आमच्या घरी कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असायचा. ज्या दिवशी दूध जास्त घेतलं किंवा घेतलं नाही, त्या तारखेच्या चौकोनात आई पेन्सिलीने बारीक लिहायची, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी एका शब्दाचाही वाद व्हायचा नाही. मी तेच कॅलेंडर पैशांसाठी वापरते. जानेवारीपासून एकेक पान उलटायचं आणि विचारायचं, या महिन्यात कोण मागायला येणार आहे?

उदाहरणातल्या मुलीची यादी अशी झाली:

- गणपतीला गावी जाणं-येणं, घरच्या गणपतीला हातभार, सोसायटीची वर्गणी: ४,५००
- दिवाळी, घरच्यांचे कपडे, फराळ, भाऊबीज, मावशींना दिवाळी: ७,०००
- लग्न, मुंज, बारसं यांचे आहेर: ५,०००
- डॉक्टर, चष्मा, दात: ४,०००
- मे महिन्यात गावी: ३,०००
- भाडेकरार नव्याने करताना येणाऱ्या खर्चातला वाटा: ३,०००
- फोनची दुरुस्ती: २,०००
- पावसाळा, म्हणजे छत्री, चपला, पिशवी: १,५००

बेरीज ३०,०००. बाराने भागा, २,५००.

हे २,५०० दर महिन्याला वेगळ्या ठिकाणी जायला हवेत. मी त्याला सणाचं खातं म्हणते. ८,७०० मधून ते गेले की उरतात ६,२००. हा तुमचा हातखर्च. पहिल्यांदा हा आकडा बघून वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तो खरा आहे. आधीचे ८,७०० खरे नव्हते.

या यादीतल्या तीन गोष्टी नव्या माणसाला हमखास चुकवतात.

गणपती सप्टेंबरात असला तरी पैसे जुलैत जातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून तिकिटाचा खर्च कॅलेंडरवर सणाच्या तारखेला लिहू नका, आरक्षण उघडायच्या तारखेला लिहा.

दुसरं, लग्नं. कालनिर्णयमध्ये मुहूर्त छापलेले असतात. घरात, ऑफिसात कुणाकुणाचं ठरलंय ते माहीत असतंच. कुणाला किती द्यायचे ते जानेवारीतच आईशी बोलून ठरवा, कारण मावसभावाच्या लग्नात काय शोभतं हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ऐन लग्नाच्या आदल्या रात्री ठरवलं की आपण भीडेला पडून जास्त घालतो.

तिसरं, दिवाळीचा पगार. दिवाळी महिनाअखेरीच्या आत आली की काही ऑफिसं पगार दहा-बारा दिवस आधी करतात. सगळे खूश होतात. पण पुढचा पगार नेहमीच्याच तारखेला येणार असतो, म्हणजे तो महिना ४० दिवसांचा होतो. माझ्या दुसऱ्या वर्षी मी यात सापडले आणि नोव्हेंबरचे शेवटचे दहा दिवस ऑफिसात घरच्या चिवड्यावर काढले.

पायरी ५: आकडा दिवसांत मोडा

६,२०० भागिले ३१ म्हणजे दिवसाला २००, आठवड्याला १,४००. चार आठवड्यांचे ५,६०० झाले आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी ६०० राहिले.

महिन्याचा आकडा मनात ठेवून खर्च करता येत नाही. १ तारखेला ६,२०० खूप वाटतात. १,४०० चं मात्र माणसाला नीट कळतं. बुधवारी ७०० उरलेत म्हणजे बरं चाललंय, मंगळवारीच ३०० उरलेत म्हणजे नाही.

आठवडा सोमवारी सुरू करा. मी आधी शुक्रवारी सुरू करत होते. शनिवार-रविवारी भरल्या खिशाने बाहेर पडायचं आणि मग सोमवार ते गुरुवार रिकाम्या खिशाने ऑफिसला जायचं असं व्हायला लागलं. सोमवारपासून धरलं की शनिवारी आपल्याजवळ काय शिल्लक आहे ते बघून बेत ठरतो. जास्त उरले तर मरीन ड्राइव्हला जाऊन बाहेर जेवण, कमी उरले तर मरीन ड्राइव्हला जाऊन कणीस.

पायरी ६: हातखर्चाचं खातं वेगळं काढा

हे केल्याशिवाय आधीची पाच पायऱ्यांची मेहनत वाया जाते. पगाराच्या खात्यालाच यूपीआय जोडलेलं असेल तर चहावाल्याचा क्यूआर स्कॅन करताना भाड्याचे पैसेही त्याच आकड्यात मिसळलेले असतात.

दुसऱ्या बँकेत एक बचत खातं उघडा. किमान शिलकीची अट नसलेलं घ्या, नाहीतर महिनाअखेरीस आपण खातं रिकामं करणार आणि बँक दंड लावणार. बेसिक बचत खातं कुठल्याही बँकेत मागता येतं आणि त्याला किमान शिलकीची अट नसते. त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं मात्र नसावं लागतं, म्हणून बँक वेगळी. आधार, पॅन, फोटो आणि मोबाइल नंबर एवढं पुरतं. पत्ता गावचा असेल तर भाडेकराराची प्रत सोबत ठेवा.

मग असं करा:

- रोजच्या यूपीआय ॲपमधून पगाराचं खातं काढून टाका आणि फक्त हे नवं खातं जोडा. पगाराच्या खात्याचं काम बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून चालतं.
- बँकेच्या ॲपमध्ये दर सोमवारी १,४०० रुपये आपोआप जातील असं लावून ठेवा. आपण हाताने पाठवायचं ठेवलं की रविवारी रात्रीच ‘उद्याचे आज घेऊ’ सुरू होतं.
- महिन्याचे सगळे पैसे एकदम टाकू नका. दिवाळीच्या त्या ४० दिवसांच्या महिन्यात हेच वाचवतं.

यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, वापरत असाल तर त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका व्यवहाराला १,००० पर्यंत पिन लागत नाही. मला ते आवडतं, कारण दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पासबुक भरत नाही, फक्त लाइटमध्ये पैसे टाकल्याची एक ओळ येते. पण दोन गोष्टी सांभाळा. पिन लागत नसल्याने फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर ते पैसे गेल्यात जमा, म्हणून तीनशे-चारशेच ठेवा. आणि ऑटो टॉप-अप बंद करा. तो चालू राहिला तर पैसे संपलेच कळणार नाहीत, खालून भरतच राहतील.

थोडी रोकडही जवळ असू द्या. गर्दीच्या वेळी नेटवर्क जातं, आणि कोळणीशी भाव करताना हातातली नोट दिसली की बोलणं लवकर संपतं.

पायरी ७: काय हातखर्चात, काय नाही

याची रेघ ज्याने त्याने आखायची. माझी अशी आहे: बाहेरचा चहा, वडापाव, शनिवारचं जेवण, सिनेमा, कपडे, टिकल्या-क्लिपा, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक, उशीर झाला म्हणून घेतलेली टॅक्सी, हे हातखर्चात. डबा, ऑफिसचा नेहमीचा प्रवास, औषध, गावी जाणं, आहेर, हे नाही.

हातखर्च पूर्ण संपवला तर चालतो. तो खर्च करण्यासाठीच बाजूला काढलेला आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण नव्या नोकरीत काही मुलं स्वतःला महिन्याला हजार-दोन हजारांत बांधून घेतात. मी एकदा २,००० ठरवले होते. १२ तारखेला ते संपले, मग अडचणीच्या खात्यातून ५०० काढले, मग आणखी ५००, आणि महिन्याअखेरीस बचत आणि स्वतःवरचा विश्वास दोन्ही गेले. कमी ठरवून मोडण्यापेक्षा पुरेल इतकं ठरवून पाळलेलं कितीतरी चांगलं.

ठाणे गेलं की लेडीज डब्यात कानातल्यांची बाई चढते. वरच्या कडीला ती कानातल्यांचे पुठ्ठे अडकवते. गाडीच्या हिसक्याने ते सगळे एकदम हलतात आणि उभ्या असलेल्या बायकाही माना वर करून बघायला लागतात. वीसला एक, पन्नासला तीन. पहिल्या वर्षी मी ती घ्यायचे आणि घरी येईपर्यंत मनात टोचत राहायचं. आता गुरुवारी ४६० उरलेत हे माहीत असतं. तीन जोड घेते, एक रूममेटला देते, आणि विषय संपतो.

रोजचा प्रत्येक चहा लिहायच्या भानगडीत पडू नका, दहाव्या दिवशी कंटाळून वही बंद होते. रविवारी रात्री एकच आकडा लिहा: या आठवड्यात किती उरले. शून्याच्या खाली गेलं असेल तरच यादी उघडून कशाने गेलं ते बघा.

पायरी ८: हे सापळे ओळखून ठेवा

*उशिराची टॅक्सी.* सायन-माहीमच्या पुढे शहरात रिक्षा नाही, तिथे काळी-पिवळी घ्यावी लागते. तिचं किमान भाडं ३१ रुपये, बेस्टच्या साध्या बसचं १०. फरक २१ रुपयांचा. पण जाता-येता, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ९२४ रुपये होतात. सकाळी दहा मिनिटं आधी निघण्याची ही किंमत आहे. घाईत एखाद्या दिवशी जरूर घ्या, सवय होऊ देऊ नका.

*दहा मिनिटांत सामान.* साठ रुपयांचा ब्रेड मागवायचा, डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून शंभर-दीडशेचं आणखी काही टाकायचं, तरी हाताळणीचा आकार लागतोच. खाली कोपऱ्यावर वाण्याचं दुकान असतं. आठवड्याची यादी करून एकदाच तिथून आणा.

*‘नंतर देते’.* तिघी-चौघी मिळून जेवलो आणि एकीने बिल भरलं, की बाकीच्यांचे पैसे राहतात. मागायला संकोच वाटतो, देणारीही खरंच विसरते. आमच्या घरात नियम आहे, टीटीएमएम (तुझं तू, माझं मी), आणि तेही हॉटेलातून उठायच्या आत. मैत्रीत यामुळे कधी वाकडं आलं नाही. न मागितलेल्या ३०० रुपयांनी मात्र एकदा आलं होतं.

*ऑटोपे.* महिनाभर फुकट म्हणून घेतलेलं काहीतरी दुसऱ्या महिन्यापासून पैसे कापायला लागतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आजच उघडा आणि नको ते बंद करा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या सूचना न वाचता पुसू नका.

*क्रेडिट कार्डाचं ‘किमान देय’.* हा सगळ्यात महागडा सापळा आहे. समजा २०,००० चं बिल आलं आणि तुम्ही किमान देय म्हणून १,००० भरले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर उरलेल्या १९,००० वर ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण १२०. म्हणजे भरलेल्या हजारातले पावणेआठशेहून जास्त परत चढले आणि देणं जेमतेम दोनशेने कमी झालं. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. कार्ड ठेवायचं तर पूर्ण बिल भरता येईल तेवढंच वापरा. हातखर्चासाठी तर ते नकोच.

पायरी ९: महिना फसला तर

फसतो. अजूनही वर्षातून एखादा फसतो. तेव्हा या क्रमाने चाला.

आधी बघा की झालेला खर्च सणाच्या खात्यातल्या यादीत बसतो का. चष्मा फुटला असेल तर तो हातखर्चाचा नाहीच, त्या खात्यातून घ्या. यादीतच नसलेला पण दरवर्षी येणारा खर्च निघाला तर त्याला यादीत जागा द्या आणि बाराने भागून पुढच्या महिन्यापासून २,५०० चा आकडा वाढवा. माझ्या यादीत ‘डॉक्टर, चष्मा, दात’ अशीच शिरली, दाढ दुखल्यावर.

तसा नसेल तर पुढच्या आठवड्यातून उसने घ्या, पण जास्तीत जास्त ३०० रुपये आणि महिन्यातून एकदाच. अडचणीच्या खात्याला हात लावू नका. ते नोकरी गेली किंवा घरी कुणी आजारी पडलं तर आहे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे तर वळूही नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क बघायचे नसतात. जे ॲप ती परवानगी मागेल ते तिथेच काढून टाका.

उसने घेतले की वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या सोमवारी १,४०० ऐवजी १,१०० घ्यायचे, आणि त्या ओळीसमोर ३०० कशाला गेले ते एका शब्दात. माझ्या वहीतला शेवटचा असा शब्द ‘टॅक्सी’ आहे. त्याच्या आधीचा ‘केक’.